बो, साई, तोंफा: कोबुदोच्या सरावात या चुका टाळा

कराटेचे क्लास आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत. वरच्या बेल्टपर्यंत पोचलं की कधीतरी कोबुदो, म्हणजे ओकिनावाची हत्यारांची कला, सुरू होते. हातात बो (लांब काठी) येतो, नाहीतर नानचाकू (दोरीने किंवा साखळीने जोडलेले दोन दांडके). पहिले काही दिवस मजेत जातात. मग मनगट दुखायला लागतं, कोपर काळंनिळं होतं, ऐन फटक्याला काठी हातात सरकते आणि पोरं म्हणतात, 'सर, ताकद कमी पडते.' ताकद क्वचितच कमी पडते. बहुतेक वेळा हत्यार मापाचं नसतं, नाहीतर कंबर झोपलेली असते आणि सगळं ओझं खांद्यांवर पडलेलं असतं.

मापाची चूक खरेदी करतानाच होते. साई (मुठीशी दोन आडव्या नख्या असलेला लोखंडी दांडा) उलटा धरून दांडा हाताला लावला की त्याचं टोक कोपराच्या दोन-तीन सेंटिमीटर पुढे आलं पाहिजे. तोंफाचंही (आडवी मूठ असलेला लाकडी दांडा) तसंच. आखूड घेतला तर अडवलेला फटका थेट कोपराच्या हाडावर बसतो. फार लांब घेतला तर फिरवताना स्वतःच्याच बरगडीला लागतो. मुलगा वाढतोय म्हणून मोठ्या मापाचे घेऊन ठेवणं शाळेच्या गणवेशाला चालतं, इथे नाही. नानचाकूची दोरी साधारण आपल्या तळहाताच्या रुंदीइतकी हवी. लांब साखळीचे नानचाकू दिसायला भारी, पण परत येताना कुठे आदळतील याचा नेम नसतो.

बो ६ शाकूंचा (शाकू हे जपानी माप), म्हणजे सुमारे १८२ सेंटिमीटरचा. मध्ये जाड, टोकांकडे निमुळता. त्यावर चकचकीत वॉर्निश असेल तर ते घासून काढा आणि जवसाचं तेल चोळा. घामेजल्या हातात काठी चिकटणं-सरकणं निम्म्याने कमी होतं. उरलेलं निम्मं पकडीचं असतं. नवखा माणूस दोन्ही हातांनी काठी करकचून आवळतो आणि पुढच्या हाताने ढकलतो, मागचा हात नुसता सोबतीला. खरं काम मागच्या हाताचं आहे. तो कमरेकडे ओढला जातो, मागचं टोक काखेखाली हाताला टेकतं आणि फटका जागच्या जागी थांबतो. फटक्यानंतर तुमच्या बोचं टोक थरथरत असेल किंवा जमिनीकडे झुकत असेल, तर मागचा हात तपासा. पुढची मूठ शेवटच्या क्षणी आवळायची, आधी नाही. आठवडाभर हाच एक फटका सावकाश मारून बघा. कंटाळवाणं आहे, पण दुसरा उपाय नाही.

लाठी-काठी किंवा मर्दानी खेळ शिकलेल्यांची अडचण वेगळी. त्यांना काठीची भीती नसते, मनगट मोकळं असतं, ही मोठी जमेची बाजू. पण बो हातात आला की तो गरगर फिरायला लागतो. 'शुशी नो कोन' किंवा 'साकुगावा नो कोन' यांसारख्या कातांमध्ये (हालचालींच्या ठरलेल्या मालिकांमध्ये) फिरवणं कमी. मारणं, खुपसणं, खालून उचलणं जास्त.

साईबद्दलचा गैरसमज सिनेमांनी पसरवला. साई हा छोटा त्रिशूळ नाही, त्याला धार नसते आणि लावायचीही नसते. जिंकणाऱ्यांनी हत्यारं काढून घेतली म्हणून शेतकऱ्यांनी अवजारं उचलली, ही गोष्ट बहुतेक क्लासमध्ये ऐकवतात. १६०९ मध्ये जपानच्या सात्सुमा संस्थानाने र्‍युक्यूचं, म्हणजे ओकिनावा बेटांचं, राज्य जिंकलं हे खरं, पण साई तिथल्या पोलिसांच्या कमरेला असायचे. चोर पकडायचा, गर्दी हटवायची, त्यासाठी ते होते. म्हणून साईचा सराव भोसकण्याचा नव्हे, दंडुक्याचा आहे: मारणं, अडकवणं, दाबून धरणं. हे लक्षात घेतलं की पकडही सुधारते. उलट-सुलट करताना साई अंगठ्याच्या बेचक्यात, दांडा आणि आडव्या नख्या जिथे मिळतात तिथे तोलायचा. मूठ घट्ट असेल तर तो फिरणार नाही आणि मनगट सुजेल. साई सुलटा धरल्यावर बोट आडव्या नखीवर अडकवून ठेवू नका. समोरचा बो दांड्यावरून घसरत येतो तो थेट त्या बोटावर. आणि स्वस्त साईंच्या नख्या नुसत्या वेल्डिंगवर टिकलेल्या असतात. जोडीच्या सरावाआधी हलवून बघा.

तोंफा हाताशी सपाट बसला नाही, मध्ये फट राहिली, तर अडवताना तो हाडावर आपटतो. मूठ थोडी सैल करून फिरवायचा, फटका बसताना आवळायचा. सुरुवातीला भिंतीपासून आणि माणसांपासून लांब उभं राहा, सुटलेला तोंफा लांब जातो. कामा म्हणजे विळा, त्याला लाकडी किंवा बोथट पातं हवं. धारदार कामा नवशिक्याच्या हातात देणारा शिक्षक असेल तर शिक्षक बदला.

जोडीच्या सरावात एक चूक अगदी शांतपणे मुरते. एकमेकांच्या हत्यारावर मारत राहायचं. खटाखट आवाज येतो, बघणारे टाळ्या देतात, पण अडवलं नसतं तरी काहीच लागलं नसतं. फटका डोक्याच्या, मनगटाच्या, गुडघ्याच्या दिशेनेच यायला हवा, वेग हवा तितका कमी करा.

आणि व्हिडिओ. ओकिनावाचे कोबुदो शिक्षक तायरा शिन्केन (१८९७–१९७०) यांनी विखुरलेल्या काता गोळा करून एका परंपरेत बसवल्या. मातायोशी घराण्याची परंपरा वेगळी. 'शुशी नो कोन' दोन्हीकडे आहे, पण पावलं आणि हात जुळत नाहीत. क्लासमध्ये एक आणि मोबाइलवर दुसरी शिकलात तर परीक्षेत मधेच अडकाल, आणि तोपर्यंत कोणती कुठली हे तुमचं तुम्हालाही सांगता येणार नाही.

पावसाळ्यात, विशेषतः मुंबई-कोकणात, साई पुसून तेलाचा हात फिरवूनच ठेवा. बो भिंतीला तिरका टेकवू नका, तो वाकतो. आडवा ठेवा, आणि सरावाआधी त्यावरून तळहात फिरवून चीर किंवा निघालेलं कुसळ दिसतं का बघा.