ऑक्टोबरला घडाऐवजी बाळी? एप्रिल छाटणीतल्या या चुका टाळा

द्राक्षाच्या गोडी (ऑक्टोबर) छाटणीनंतर पोंगा, म्हणजे नवा कोंब, फुटतो आणि घडाच्या जागी नुसती बाळी, म्हणजे आधाराला वेटोळं घालणारा तंतू, दिसते. मग आधी हवामानाला बोल लागतो, नंतर काडीवरचे डोळे (कळ्या) फोडणाऱ्या डॉर्मेक्स या औषधाला. पण घड की बाळी, हे डोळ्याच्या आत उन्हाळ्यातच ठरलेलं असतं. दोन्ही एकाच कोंबापासून होतात. खरड (एप्रिल) छाटणीनंतर साधारण 35 ते 60 दिवसांत डोळ्याला ऊन आणि अन्न मिळालं तर घड, नाही तर बाळी. अर्धवट राहिलं तर गोळी घड, म्हणजे अपुरा वाढलेला घड.

छाटणी मेपर्यंत लांबली की हा काळ जून-जुलैच्या ढगाळ हवेत सापडतो. काढणीनंतर वेलीला पंधरा-वीस दिवस विसावा हवाच, पण त्यापुढे उगाच रेंगाळू नका.

सर्वात महाग पडणारी चूक म्हणजे गर्दी. विरळणी करताना फूट काढायला हात धजावत नाही. दीड चौरस फुटाला एक काडी हा हिशोब धरला, तर 9 बाय 5 फुटांवरच्या वेलीला 30 काड्या पुरतात. त्याच वेलीवर 45 ठेवल्या तर खालच्या डोळ्यांवर सावली पडते आणि काड्या बारीक राहतात. थॉमसन जातीला 8 ते 10 मिमी जाडीची काडी चांगली. त्याहून जाड काडी म्हणजे ताकद, हा गैरसमज. बहुतेकदा तो नत्राचा माज असतो.

म्हणून तिसाव्या दिवसापासून युरिया थांबवा, पाणी थोडं कमी करा, स्फुरद द्या. पालाशचा जोर काडी पिकताना, साठ दिवसांनंतर. वाढ रोखायला लिहोसिन या वाढरोधकाचा मारा मात्र नको: याच औषधाच्या अंशामुळे 2010 मध्ये आपली द्राक्षं युरोपात अडकली होती.

सबकेनसाठी, म्हणजे शेंडा मारल्यावर फुटणाऱ्या उपकाडीसाठी, सात पानांवर शेंडा वेळेत मारा. फूट बारा-तेरा पानांची झाल्यावर मागे कापली, तर तेवढं अन्न फुकट जातं आणि सबकेनही उशिरा येते. घड देणारे डोळे बहुधा गाठीजवळ (शेंडा मारला त्या जागी) असतात, म्हणून ऑक्टोबरला गाठीपुढे एक डोळा राखून कापतात. सरळ काडीला हा नियम लावू नका. तिथे काडी तपासणीचा अहवाल सांगेल त्या डोळ्यावर कापा. तपासणीआधी घरी एवढं बघता येतं: धारदार ब्लेडने डोळा आडवा कापा. आत तीन कोंब दिसतात. मधला हिरवा असेल तर जिवंत. तपकिरी असेल तर मेलेला, आणि बाजूच्या कोंबातून आलाच तर घड लहान येतो. जिवंत डोळ्यात घड आहे की नाही, ते मात्र सूक्ष्मदर्शकाखालीच कळतं.

पेस्टिंग, म्हणजे डोळ्यांना डॉर्मेक्स लावणं, ऑक्टोबर छाटणीनंतर 48 तासांच्या आत, लिटरला 30 ते 40 मिली. डोळे फुगल्यावर लावलं तर ते जळतात. हातमोजे घाला आणि त्या दिवसांत मजुरांना दारू पिऊ देऊ नका. डॉर्मेक्सवर दारू पोटात गेली तर त्रास जिवावर बेतू शकतो.