हॅम व्हायचंय? आधी ऐकायला लागा

हॅम रेडिओचं, म्हणजे लायसन्स काढून छंद म्हणून रेडिओवरून एकमेकांशी बोलण्याचं, नाव काढलं की पहिला प्रश्न येतो, 'सेट कितीला पडतो?' माझं म्हणणं, बोलायचा सेट राहू द्या. काही महिने नुसतं ऐका.

मात्र घरातला जुना शॉर्टवेव्ह रेडिओ त्याला चालणार नाही. हॅम मंडळी बहुतेक एसएसबीवर (सिंगल साइडबँड, आवाज पाठवायची एक वेगळी पद्धत) बोलतात आणि साध्या रेडिओवर ते बदकाच्या बडबडीसारखं येतं. टेकसनच्या पीएल-३३० किंवा एक्सएचडेटाच्या डी-८०८ वर एसएसबीची सोय आहे. सकाळी ७.० ते ७.२ मेगाहर्ट्झमध्ये, म्हणजे ४० मीटर बँडवर, एलएसबी (एसएसबीचाच एक प्रकार) लावून फाइन ट्यूनिंगचं चाक अगदी हळू फिरवा. जरा अलीकडे आवाज चिरका, जरा पलीकडे घोगरा, आणि मधल्या त्या एका जागी एकदम माणूस बोलायला लागतो: 'व्हिक्टर युनिफॉर्म टू...' (म्हणजे व्हीयू२, भारतीय हॅमच्या ओळखनावाची, कॉलसाइनची सुरुवात). हे जमायला हाताला सवय लागते, घाई करू नका. दिवसा याच बँडवर बहुतेक आसपासची राज्यं ऐकू येतात. रात्री आयनांबरातला (वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित भागातला) लहरी शोषणारा डी थर विरतो आणि दूरची स्टेशनं उगवतात.

शहरात खरं दुखणं म्हणजे खरखर. रेडिओ बॅटरीवर ठेवा आणि घराचा मेन स्विच, आणि इन्व्हर्टर असेल तर तोही, पाच मिनिटं बंद करा. (घरच्यांना आधी सांगून!) खरखर गेली तर चोर घरातलाच: एलईडी दिवा, चार्जर नाहीतर इन्व्हर्टर. मग अँटेना म्हणून गॅलरीतून दहाएक मीटर वायर ताणली तरी फरक पडतो. विजा कडाडत असतील तेव्हा ती रेडिओपासून काढून ठेवा.

वही हवीच. वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) लिहा, म्हणजे आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा. ज्या हॅमला ऐकलं त्याला रिपोर्ट पाठवताना 'छान ऐकू आलं' एवढंच लिहू नका. तो कोणाशी बोलत होता तेही लिहा, म्हणजे त्याला आपल्या नोंदीशी ताडून बघता येतं. असा रिपोर्ट असला की क्यूएसएल कार्ड (ऐकल्याची पोच देणारं कार्ड) यायची शक्यता बरीच वाढते.

लायसन्ससाठी दूरसंचार विभागाची परीक्षा असते. बारा वर्षं पूर्ण झाली की बसता येतं. मोर्सची (टिंब-रेघांच्या संकेतांची) धास्ती असेल तर रिस्ट्रिक्टेड ग्रेड घ्या, त्यात मोर्स नाही. क्यूआरएम (दुसऱ्या स्टेशनांचा अडथळा), क्यूएसबी (आवाज कमी-जास्त होणं) हे क्यू-कोड तोवर कानावरून इतके गेलेले असतात की घोकावे लागत नाहीत. इलेक्ट्रॉनिक्सला मात्र पुस्तक घेऊन बसावंच लागतं. ओहमचा नियम काही ऐकून येत नाही.