पाठवणाऱ्याचं मराठी नाव मेलमध्ये फुटू नये म्हणून

सोलापूरच्या दुकानातून बिल ईमेलने जातं, पण ‘सोलापुरी चादर भांडार’ऐवजी बरोबरचं चिन्ह (=), प्रश्नचिन्ह, यूटीएफ-८ (अक्षरं साठवायची पद्धत) अशी माळ दिसते? हेडरमधलं, म्हणजे मेलच्या वरच्या माहितीतलं नाव बेस६४ करून, म्हणजे साध्या इंग्रजी अक्षर-अंकांच्या सांकेतिक रूपात पाठवतात. तो सांकेतिक तुकडा अवतरणचिन्हांत अडकला की उलगडत नाही. आधी ती चिन्हं काढा, बहुतेकदा चूक इथेच असते.

एका तुकड्याची मर्यादा ७५ चिन्हं. देवनागरीत काना, वेलांटी, अनुस्वार प्रत्येकी वेगळे मोजतात, दर चिन्हाला ३ बाइट (साठवणीचं एकक). बेस६४ मध्ये ते आणखी फुगतात आणि तुकड्याच्या सुरुवातीच्या-शेवटच्या खुणाही ७५ मध्येच धरतात. त्यामुळे तुकड्यात जेमतेम १५ मावतात. वरच्या नावात मोकळ्या जागा सोडून १८ आहेत, म्हणजे दोन तुकडे. अक्षराचे बाइट मधेच तोडू नका. दोन तुकड्यांमधली मोकळी जागा वाचताना गळते, म्हणून शब्दांमधली जागा तुकड्याच्या आत घ्या. ईमेल पत्ता मात्र बेस६४ न करता कोनी कंसात तसाच.