कारलं आवडून घ्यायचंय? मग या चुका टाळा

'कडू कारलं, तुपात तळलं, साखरेत घोळलं, तरी कडू ते कडूच.' ही म्हण ऐकतच मी मोठी झाले. ताटातलं कारलं संपल्याशिवाय उठायचं नाही, हा घरचा नियम होता. त्या धसक्यानं मोठेपणी पस्तिशीपर्यंत मी ते पुन्हा चाखलंसुद्धा नाही. आता आठवड्यातून एकदा हौसेनं करते. मधल्या काळात केलेल्या चुका सांगते.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे कडूपणा पार घालवण्याचा हट्ट. मी फोडींना तासभर मीठ लावून ठेवायची, मग फडक्यासारख्या पिळायची. भाजी खारट, चोथट व्हायची आणि तरीही कडूच लागायची. कारल्याच्या पातळ चकत्यांना पंधरा-वीस मिनिटं मीठ पुरतं. सुटलेलं पाणी हलक्या हातानं दाबून काढा आणि पुढे मीठ घालताना हे मीठ धरूनच घाला. राहिलेल्या कडूपणाला सोबत द्या. चिंच, गूळ, दाण्याचं कूट, तीळ, खोबरं घातलेल्या पंचामृतात तो किती शोभतो! पण गुळाचा मारा केला तर गोड आणि कडू वेगवेगळे लागतात. आंबटाशिवाय त्यांचं जुळत नाही.

सुरुवात रसभाजीनं करू नका. आधी काप करा. हळद, तिखट, चिंचेचा कोळ लावून रवा आणि तांदळाच्या पिठात घोळवा, मंद आचेवर तेल सोडत परता. काप मऊ पडले तर बहुतेक वेळा झाकण ठेवलेलं असतं. वाफेनं कुरकुरीतपणा जातो.

बाजारातून पिवळसर झालेली कारली आणू नका. बिया टणक निघाल्या तर काढून टाका.

पहिल्याच दिवशी वाटीभर खाऊ नका. वरणभात-तुपाबरोबर दोन काप पुरेत, मग पुढच्या आठवड्यात पुन्हा दोन. नवी चव अंगवळणी पडायला आठ-दहा वेळा चाखावी लागते. मुलांच्या जिभेला कडू जास्तच बोचतं, त्यांच्यावर बळजबरी नकोच.

'औषध' म्हणून रस पिऊन आवड लागत नाही. मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय रस घेऊही नका, साखर फार खाली जाऊ शकते.

आणि कडूची सवय झाली म्हणून कडू दुधी मात्र खाऊ नका. तो विषारी असू शकतो, चव कडू लागताच टाकून द्या.