रेझ्युमेत 'अनुभव' कोरा राहतोय? मंडळाची वर्गणी लिहा

बारावीनंतर सुट्टीत काम शोधणाऱ्या मुलांचा रेझ्युमे 'अनुभव' या रकान्यापाशीच अडतो. माझ्या भाचीचाही अडला होता. मग तो रकानाच काढून टाकला आणि जागी 'केलेली कामं' असं लिहिलं.

१. गेल्या दोन वर्षांतलं सगळं आधी कच्चं उतरवा: गणपतीची वर्गणी, एनएसएसचं शिबिर, काकांच्या दुकानात दिवाळीला सांभाळलेला गल्ला, शेजारच्या पोरांची शिकवणी.

२. प्रत्येकापुढे आकडा घाला. 'मंडळात मदत केली' यातून काहीच कळत नाही. '६० घरांची वर्गणी गोळा केली, पावत्या फाडल्या, हिशेब जुळवून दिला' हे वाचलं की दुकानदाराला कळतं, पोरगी पैशाला पक्की आहे.

३. वर नाव, मोबाइल, ईमेल (नावाचाच, 'कूलगर्ल' वगैरे नको). खाली शिक्षण, येणाऱ्या भाषा, एमएस-सीआयटी किंवा टायपिंग झालं असेल तर तेही. एक पान बास. पाठवताना पीडीएफ करा.

आधार क्रमांक, जात, वडिलांचा पगार यातलं काहीही लिहू नका. तो लग्नाचा बायोडाटा नाही, आणि कागद कुठे फिरेल सांगता येत नाही.