जाहिरातीच्या जुन्या घड्याळातला दिवा पुन्हा कसा लावावा

शीतपेयांची, टायरची, रंगांची नावं मिरवणारी, आतून उजळणारी भिंतीवरची घड्याळं १९५०च्या दशकात अमेरिकेतल्या दुकानांत सर्रास दिसत. आज ती हाती येतात तेव्हा काटे बहुधा फिरत असतात, पण दिवा मेलेला असतो. बल्ब बदलून काम भागेल असं वाटतं, आणि फसगत तिथेच होते. वर्षानुवर्षं बंद डब्यात तापलेल्या बल्बने आतली वायर भाजून काढलेली असते.

प्लग काढून ठेवा, मगच डबा उघडा. आत वळवलेली काचेची निऑन नळी आणि जड ट्रान्सफॉर्मर दिसला तर झाकण परत लावा. तिथे हजारो व्होल्ट असतात. ते काम निऑनच्या जाणकाराचं. साधे बल्ब किंवा गोल ट्यूब असेल तर पुढे चला. सगळ्या जोडण्यांचा फोटो आधी काढून घ्या, नंतर आठवत नाही.

आता काच. जाहिरातीचा रंग बहुतेकदा काचेच्या आतल्या बाजूने लावलेला असतो आणि उष्णतेने तो सुटत आलेला असतो. आतून मऊ कोरड्या ब्रशने धूळ झाडा, बस्स. मी एकदा शहाणपणा करून स्पिरिटचा बोळा फिरवला, तर लाल अक्षराचं शेपूट अख्खं फडक्यावर आलं! काच टॉवेलवर, बाजूला, कोणाचा धक्का लागणार नाही अशी ठेवा.

होल्डरजवळची वायर बोटांनी हलकेच वाकवा. रबर कुरकुरलं, भुगा पडला, तर टेप गुंडाळून वेळ मारून नेऊ नका, प्लगपर्यंतची सगळी वायर बदला. कापडी वेष्टणाच्या वायरीत अॅस्बेस्टॉस असू शकतं. ती खरवडू नका. मोटरच्या कॉइलमधून निघणाऱ्या बारीक तारा मात्र ओढायच्या नाहीत. त्या मुळाशी तुटल्या की दिव्यासाठी बसलेला माणूस घड्याळ दुरुस्त करत बसतो.

नवी वायर उष्णता सोसणारी घ्या. पत्र्याच्या भोकातून जाते तिथे रबरी ग्रोमेट, म्हणजे वायर कडेवर घासू न देणारं कडं, बसवा. फेज होल्डरच्या मधल्या पट्टीला, न्यूट्रल आट्यांच्या कड्याला. उलट जोडलं तर बल्ब काढताना आट्यांना बोट लागून झटका बसू शकतो. डबा पत्र्याचा असेल तर तीन तारांची वायर घेऊन अर्थिंग डब्याला स्क्रूने घट्ट जोडा. दिवा आणि मोटर समांतर जोडलेले राहू द्या.

होल्डरची मधली पट्टी दबून बसलेली असेल तर लाकडी काडीने जरा वर उचला. निम्म्या वेळा बिघाड एवढाच निघतो. गंज असेल तर होल्डरच बदला.

गोल ट्यूबच्या घड्याळात आधी ट्यूबची टोकं पाहा. काळी पडली असतील तर ट्यूब संपली. टोकं नुसतीच चमकत असतील आणि ट्यूब पेटत नसेल, तर आधी स्टार्टर बदलून पाहा. चोकमधून डांबरासारखं काही गळत असेल तर हातमोजे घाला: १९७९पूर्वीच्या चोकमध्ये पीसीबी हे विषारी रसायन असू शकतं. तो आणि पाऱ्याची ट्यूब, दोन्ही घातक कचऱ्यातच द्यायच्या.

बल्बच्या जागी मी एलईडीच लावतो. दुधाळ काचेचा, २७०० केल्विनचा म्हणजे पिवळसर उजेडाचा, कमी वॅटचा घ्या. पांढराशुभ्र उजेड लावला की जुने रंग आजारी दिसतात. शिवाय एलईडी फार तापत नाही, म्हणजे उरलेला रंगही टिकतो.

एक गोष्ट व्होल्टेजची. अमेरिकी घड्याळ १२० व्होल्ट, ६० हर्ट्झचं असतं. २३० व्होल्टवर ट्रान्सफॉर्मर लावून दिवा नीट चालेल, पण ट्रान्सफॉर्मर हर्ट्झ बदलत नाही. मोटरचा वेग हर्ट्झवर ठरतो, म्हणून आपल्याकडच्या ५० हर्ट्झवर ती तासाला दहा मिनिटं मागे पडते. तो दोष तुमच्या दुरुस्तीचा नव्हे.

काच बसवण्याआधी दिवा अर्धा तास चालू ठेवा. मग प्लग काढून डब्यावर, वायरवर हात ठेवून बघा: कोमट चालेल, चटका बसता कामा नये. काच लावल्यावर खोलीत अंधार करून समोर उभे राहा. एखादा ठिपका जास्त उजळ दिसला तर बल्ब थोडा मागे सरकवा.