गेम नाहीतर रेंडर लावला की पीसी धाडकन बंद? आधी एसएमपीएस (पीसीला पॉवर देणारा डबा) बघा

मंडळी, विंडोज मारायच्या आधी एवढं वाचा. उद्यमनगरात काकांच्या वर्कशॉपमध्ये ड्रॉइंगचा पीसी आहे, टायपिंग करताना दिवसभर नीट चालायचा आणि थ्रीडी मॉडेल फिरवलं की बंद, निळा स्क्रीन नाही काय नाही. दोनदा फॉरमॅट मारला, रॅम बदलली, पैसे गेले आणि दुखणं तसंच. शेवटी निघाला कॅबिनेटबरोबर आलेला एसएमपीएस.

त्यावर मोठ्या अक्षरात ४५० वॉट लिहिलेलं, पण त्याला महत्त्व देऊ नका, बाजूच्या तक्त्यात +१२ व्होल्टच्या खाली किती अँपिअर आहेत ते बघा, कारण प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड जवळजवळ सगळी पॉवर तिथूनच ओढतात. आमच्याकडं १६ अँपिअर होते, म्हणजे १२ गुणिले १६, फक्त १९२ वॉट. जीटीएक्स १६६० ग्राफिक कार्डालाच १२० लागतात, रायझन ५ ३६०० प्रोसेसर म्हणायला ६५ चा पण लोडवर ८८ पर्यंत जातो, झाले २०८. बोर्ड, फॅन, हार्डडिस्क अजून धरलेच नाहीत.

आता तपासायचं कसं. पहिल्यांदा टेम्परेचर बघा, प्रोसेसर तापूनसुद्धा पीसी असाच बंद पडतो. ते नॉर्मल असेल तर आफ्टरबर्नरमध्ये (ग्राफिक कार्डची सेटिंग बदलायचं सॉफ्टवेअर) कार्डची पॉवर लिमिट ६०-७० टक्क्यांवर आणा आणि तेच काम परत करून बघा, बंद पडायचं थांबलं तर संशय एसएमपीएसवरच. विंडोजच्या नोंदी दाखवणाऱ्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये कर्नल-पॉवर ४१ अशी एरर दिसेल, पण त्याचा अर्थ पीसी नीट शटडाऊन झाला नाही एवढाच, पुरावा म्हणून धरू नका. मल्टिमीटर असेल तर मोलेक्सच्या (एसएमपीएसचा चार पिनांचा जुना कनेक्टर) पिवळ्या आणि काळ्या वायरवर लोड चालू असताना मोजा, ११.४ च्या खाली गेलं की विषय संपला. बोर्डाच्या मोठ्या कनेक्टरमधली हिरवी-काळी वायर जोडून फॅन फिरला म्हणून एसएमपीएस चांगला असं काही जण सांगतात, ते चुकीचं आहे, लोडच नसतो त्यात.

पक्की खात्री हवी तर मित्राचा चांगला एसएमपीएस एक दिवस लावून बघा. मॉड्युलर (केबली सुट्या निघणारा) असेल तर केबलीसकट आणा, एका कंपनीच्या केबली दुसऱ्याला लावल्या तर हार्डडिस्क जळू शकते.

लाईट गेल्यावरच पीसी बंद होत असेल तर ते यूपीएसच्या बॅटरीचं, ते वेगळं. आणि उद्यमनगरासारखं शेजारी मशीन सुरू झाल्यावर बल्ब मंद होत असेल तर सॉकेटचं व्होल्टेज आणि अर्थिंग वायरमनकडून बघून घ्या.

एसएमपीएस उघडायचा मात्र अजिबात नाही, प्लग काढला तरी आतल्या कपॅसिटरमध्ये करंट राहतो, जिवावर बेतेल. नवीन घेताना ८० प्लस (पॉवर कमी वाया घालवतो याचं सर्टिफिकेट) आणि १२ व्होल्टला ३५ च्या वर अँपिअर बघा, आणि कार्डाची ८ पिन पॉवर एसएमपीएसच्या स्वतःच्या केबलीनंच जोडा, मोलेक्सचं कन्व्हर्टर लावू नका, वितळलेलं बघितलंय मी.